मुले आणि किशोरवयीनांसाठी शक्तिप्रशिक्षण

मुले आणि किशोरवयीनांसाठी शक्तिप्रशिक्षण म्हणजे वाढत्या वयातील मुलामुलींच्या स्नायूंची ताकद, तोल आणि हालचालींवरील नियंत्रण वाढवण्यासाठी नियोजनपूर्वक दिले जाणारे व्यायामाचे शिक्षण होय. यात शरीराचे स्वतःचे वजन, रबरी पट्टे, मेडिसिन बॉल, डंबेल, बारबेल किंवा यंत्रे यांच्या साहाय्याने स्नायूंना प्रतिकाराविरुद्ध काम करायला लावले जाते. ताकद वाढवणे, हाडे बळकट करणे आणि खेळातील कामगिरी सुधारणे यांबरोबरच खेळताना होणाऱ्या दुखापती कमी करणे हा या प्रशिक्षणाचा एक प्रमुख हेतू आहे.

लहान वयात वजन उचलल्यास उंची खुंटते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांपासून झालेल्या संशोधनातून या समजाला आधार मिळालेला नाही. जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने आणि टप्प्याटप्प्याने दिलेले शक्तिप्रशिक्षण निरोगी मुलांसाठी सुरक्षित असल्याचे मत बालरोगतज्ज्ञांच्या व क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संघटनांनी नोंदवले आहे. या क्षेत्रात नोंदल्या गेलेल्या अनेक दुखापतींच्या मुळाशी देखरेखीचा अभाव, चुकीची पद्धत किंवा उपकरणांची निष्काळजी हाताळणी आढळते.

## संज्ञा आणि व्याप्ती

शक्तिप्रशिक्षण, प्रतिकार प्रशिक्षण आणि वजन-प्रशिक्षण या संज्ञा व्यवहारात एकमेकींऐवजी वापरल्या जातात. प्रतिकार प्रशिक्षण ही त्यांतील सर्वांत व्यापक संज्ञा असून तिच्यात वजनाशिवाय केलेले जोर, बैठका, दोरीवर चढणे यांसारखे व्यायामही येतात. या प्रशिक्षणाहून पुढील तीन क्रीडाप्रकार वेगळे आहेत :

- भारोत्तोलन : स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन प्रकारांत जास्तीत जास्त वजन उचलण्याची ऑलिंपिक स्पर्धा.
- पॉवरलिफ्टिंग : स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांची स्पर्धा.
- शरीरसौष्ठव : स्नायूंचा आकार, ठेवण व प्रमाणबद्धता यांची स्पर्धा.

या तिन्हींमध्ये स्पर्धा हे उद्दिष्ट असते. शक्तिप्रशिक्षणात मात्र एका दमात किती वजन उचलले, यापेक्षा हालचाल किती अचूक झाली याला महत्त्व असते. मुलांविषयीच्या जुन्या वैद्यकीय इशाऱ्यांमध्ये शक्तिप्रशिक्षण आणि या क्रीडाप्रकारांमधील फरक पुष्कळदा स्पष्ट केला जात नसे. या विषयातील गोंधळाचे ते एक कारण मानले जाते.

## इतिहास

### प्रारंभीचे आक्षेप

१९६० च्या दशकात जपानमधील दुर्गम भागांत जड शारीरिक कष्ट करणाऱ्या मुलांची उंची कमी असल्याची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. या निरीक्षणांचा आधार घेऊन वजन उचलणे आणि उंची खुंटणे यांचा संबंध जोडला गेला. परंतु अशा मुलांच्या वाढीवर अपुरा आहार आणि एकंदर राहणीमान यांचाही परिणाम होत असल्यामुळे केवळ ओझे उचलण्याला त्याचे कारण ठरवता येत नाही. तासन्‌तास चालणारे श्रमाचे काम आणि आठवड्यातून दोन-तीनदा थोडा वेळ केलेला नियोजित व्यायाम यांची तुलनाही योग्य ठरत नाही.

१९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील नोंदींमधून वजन उचलताना झालेल्या दुखापतींची आकडेवारी पुढे आली. किशोरवयीन मुलांच्या वाढपट्टीला इजा झाल्याची काही प्रकरणेही वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. यांतील अनेक प्रकरणांत मुलाने देखरेखीशिवाय किंवा चुकीच्या पद्धतीने डोक्यावर जड वजन उचलण्याचा प्रयत्न केला होता.

याच काळात दुसरा एक आक्षेप घेतला जात होता. वयात येण्यापूर्वी शरीरात पुरुषी संप्रेरके अल्प प्रमाणात असल्यामुळे या वयात व्यायामाने ताकद वाढणारच नाही, असे मानले जाई. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांच्या हातापायांच्या ताकदीत लक्षणीय वाढ दिसली नव्हती. त्यामुळे या मताला बळ मिळाले. पुढे व्यायामाचे प्रमाण व कालावधी पुरेसा ठेवून केलेल्या प्रयोगांमध्ये वेगळे निष्कर्ष आले.

### भूमिकेतील बदल

१९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वयात न आलेल्या मुलग्यांना १४ आठवडे देखरेखीखाली शक्तिप्रशिक्षण देण्यात आले. त्यांची ताकद वाढली आणि हाडांच्या तपासणीत वाढपट्टीला इजा झाल्याचे आढळले नाही. अशा अभ्यासांची संख्या वाढत गेली, तशी वैद्यकीय संघटनांची भूमिकाही बदलली. अमेरिकेतील नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशनने १९८५ मध्ये या विषयावर आपली भूमिका मांडली आणि १९९६ व २००९ मध्ये ती सुधारून प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये विविध देशांतील तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुनियोजित शक्तिप्रशिक्षणाचे आरोग्य, कामगिरी आणि दुखापत-प्रतिबंध या तिन्ही बाबतींतील फायदे मान्य केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या व्यायामांचा त्यात समावेश असावा.

## वाढत्या शरीराचे वैशिष्ट्य

### ताकद कशी वाढते

प्रौढांमध्ये शक्तिप्रशिक्षणाने ताकद वाढते, तेव्हा काही आठवड्यांनंतर स्नायूंचा आकारही वाढू लागतो. वयात न आलेल्या मुलांमध्ये स्नायूंच्या आकारात फारसा बदल न होताही ताकद वाढते. या वाढीचे मुख्य कारण मज्जासंस्थेतील बदल हे असते. मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेनुसार एकाच वेळी अधिक स्नायुतंतू कामाला लागतात आणि वेगवेगळ्या स्नायूंच्या कामात अधिक मेळ येतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर मुलांच्या दंडाच्या स्नायूंची ताकद २० टक्क्यांहून अधिक वाढली. स्नायूंमधील विद्युत क्रियाही वाढली, परंतु दंडाचा घेर जवळपास तेवढाच राहिला.

आठ ते वीस आठवड्यांच्या प्रशिक्षणाने मुलांच्या ताकदीत सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांच्या आसपास वाढ होऊ शकते. प्रशिक्षण थांबवल्यास ही वाढ हळूहळू ओसरते. वयात आल्यानंतर मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढते आणि स्नायूंचा आकारही अधिक वेगाने वाढू लागतो.

### वाढपट्टी

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. त्याला वाढपट्टी म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात हा थर ‘ग्रोथ प्लेट’ या नावाने येतो. हाडाची लांबी या थरामुळे वाढते आणि वाढ पूर्ण झाल्यावर त्याचे हाडात रूपांतर होते. मुलींमध्ये हे रूपांतर मुलग्यांच्या तुलनेत लवकर होते. वाढपट्टी ही आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि पुष्कळदा सांध्यातील अस्थिबंधांपेक्षाही कमकुवत असते. त्यामुळे ज्या आघाताने प्रौढ व्यक्तीचा अस्थिबंध ताणला जाईल, त्याच आघाताने मुलाच्या वाढपट्टीला इजा होऊ शकते. मुलांच्या एकूण अस्थिभंगांपैकी साधारण १५ ते ३० टक्के अस्थिभंगांचा वाढपट्टीशी संबंध असतो. पडणे, खेळातील टक्कर आणि अपघात ही त्यांची नेहमीची कारणे आहेत.

वाढत्या हाडांना योग्य प्रमाणात ताण मिळणे आवश्यकही असते. उड्या मारणे, धावणे आणि वजन पेलणे यांमुळे हाडांमधील खनिजांचे प्रमाण वाढते. बालपण आणि किशोरवय हा हाडांचा साठा उभारण्याचा काळ असल्यामुळे या वयातील व्यायामाचा लाभ पुढील आयुष्यातही होतो.

### उंचीची झेप

उंची वाढण्याचा वेग मुलींमध्ये साधारण १२ व्या वर्षी आणि मुलग्यांमध्ये साधारण १४ व्या वर्षी सर्वाधिक असतो. या काळात हाडांची लांबी आधी वाढते. स्नायूंची ताकद आणि हाडांतील खनिजांचे प्रमाण त्यानंतर वाढते. हातपाय अचानक लांब झाल्यामुळे काही मुलांच्या हालचाली तात्पुरत्या अवघडलेल्या दिसतात. मनगटाजवळील अस्थिभंगांचे प्रमाणही याच वयाच्या आसपास अधिक असते. या कारणांमुळे उंचीची झेप सुरू असताना वजन वाढवण्याऐवजी तोल, उडी मारून जमिनीवर उतरण्याची पद्धत आणि हालचालींची अचूकता यांवर भर देण्याची शिफारस केली जाते. मुलांची दर तीन महिन्यांनी उंची मोजून ठेवल्यास प्रशिक्षकाला हा काळ ओळखता येतो.

## मुलांमधील क्रीडादुखापती

मुलांच्या क्रीडादुखापतींचे दोन मुख्य वर्ग केले जातात. पहिल्या वर्गात पडणे, टक्कर किंवा पाय मुरगळणे यांमुळे अचानक होणाऱ्या दुखापती येतात. दुसऱ्या वर्गात एकच हालचाल विश्रांतीशिवाय पुनःपुन्हा केल्यामुळे उद्भवणाऱ्या अतिवापराच्या दुखापती येतात. अतिवापराच्या दुखापतींची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत :

- ऑस्गुड–श्लाटर विकार : गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्याजवळ होणारी वेदना. धावणे व उड्या मारणे अधिक असलेल्या खेळांतील किशोरवयीनांमध्ये आढळते.
- सिव्हर विकार : टाचेच्या हाडाच्या वाढपट्टीजवळील वेदना.
- खांदा व कोपर यांच्या वाढपट्टीवरील ताण : वारंवार चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंमध्ये दिसून येतो.
- कमरेच्या मणक्याचा ताणजन्य अस्थिभंग : क्रिकेटमधील तरुण वेगवान गोलंदाज व जिम्नॅस्टिक्सचे खेळाडू यांच्यात विशेषत्वाने आढळतो.

अचानक होणाऱ्या दुखापतींमध्ये घोटा मुरगळणे ही सर्वसामान्य, तर गुडघ्यातील पुढच्या क्रूसिएट अस्थिबंधाची फाटणे ही गंभीर दुखापत मानली जाते. हा अस्थिबंध फाटल्यास शस्त्रक्रिया आणि अनेक महिन्यांची विश्रांती लागू शकते. पुढील आयुष्यात गुडघ्याची झीज लवकर होण्याचा धोकाही वाढतो. वयात आल्यानंतर समान खेळ खेळणाऱ्या मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत अधिक आढळते. उडीनंतर जमिनीवर उतरताना किंवा धावताना एकदम दिशा बदलताना गुडघा आतल्या बाजूला झुकणे हे तिचे एक प्रमुख कारण आहे.

## दुखापती टाळण्यातील उपयोग

### परिणाम घडण्याची प्रक्रिया

शक्तिप्रशिक्षणाने दुखापतींचा धोका कमी होण्याची पुढील कारणे दिली जातात :

- मांडी, नितंब व पोटरीचे बळकट स्नायू उडी, धाव आणि वळण यांत निर्माण होणारा जोर अधिक चांगल्या प्रकारे पेलतात. परिणामी अस्थिबंध व वाढपट्टी यांवरील भार कमी होतो.
- कंडरा व हाडे सरावाने अधिक ताण सहन करू लागतात.
- पोट, पाठ व कंबर यांच्या स्नायूंवरील नियंत्रणामुळे धड स्थिर राहते आणि गुडघा आत झुकण्याची प्रवृत्ती कमी होते.
- स्नायू उशिरा थकतात. थकलेल्या खेळाडूच्या हालचालींतील अचूकता घटते आणि दुखापतीची शक्यता वाढते.
- शरीराच्या दोन बाजूंमधील किंवा मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंमधील ताकदीची तफावत कमी होते.

### संशोधन

दुखापत-प्रतिबंधाविषयीचे अनेक मोठे अभ्यास युरोपातील फुटबॉल व हँडबॉल क्लबांमध्ये झाले आहेत. नॉर्वेतील १२० हँडबॉल क्लबांमधील १५ ते १७ वर्षांच्या १,८३७ खेळाडूंचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. धावण्याचे व उतरण्याचे तंत्र, तोल आणि ताकद यांच्या व्यायामांचा समावेश असलेला सराव करणाऱ्या गटात गुडघा व घोट्याच्या अचानक होणाऱ्या ४८ दुखापती झाल्या, तर नेहमीचा सराव करणाऱ्या गटात त्यांची संख्या ८१ होती.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘इलेव्हन प्लस’ या सुमारे २० मिनिटांच्या सरावक्रमाचा अभ्यास नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर करण्यात आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. अतिवापराच्या दुखापती निम्म्याने, तर गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. मात्र केवळ पायाच्या दुखापतींतील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती.

स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ मुलींच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचा सराव देण्यात आला. एका पायावरची बैठक, दोन्ही पायांवरची बैठक, कंबर उचलणे, प्लँक, लंज आणि उडी असे बिनउपकरणांचे व्यायाम त्यात होते. या गटात पुढच्या क्रूसिएट अस्थिबंधाच्या दुखापतींचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी राहिले.

लहान वयोगटासाठी ‘इलेव्हन प्लस किड्स’ हा स्वतंत्र सरावक्रम तयार करण्यात आला. त्यात एका पायावरचा तोल, संपूर्ण शरीराची ताकद आणि सुरक्षितपणे पडण्याचे तंत्र यांचे सात व्यायाम आहेत. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताक येथील ७ ते १३ वर्षांच्या ३,८९५ मुलांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सरावामुळे एकूण दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

सर्व वयोगटांतील २६,६१० व्यक्तींवरील २५ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शक्तिप्रशिक्षणामुळे क्रीडादुखापतींचे प्रमाण एक तृतीयांशाहून खाली आले, तर केवळ स्नायू ताणण्याच्या व्यायामांमुळे असा प्रतिबंधक परिणाम आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

## सुरक्षितता

शक्तिप्रशिक्षणातील दुखापतींचे प्रमाण इतर खेळांच्या तुलनेत कमी आढळते. ब्रिटनमधील शाळकरी वयाच्या खेळाडूंविषयी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दर १०० तासांमागे दुखापतींचे प्रमाण फुटबॉलमध्ये ६.२ आणि रग्बीमध्ये १.९२ होते, वजन-प्रशिक्षणात ते ०.००३५ इतके होते. ही पाहणी प्रश्नावलीवर आधारित असल्यामुळे तिच्यातील आकडे अंदाजे मानले जातात.

दुखापतींचे स्वरूपही वयानुसार बदलते. २००२ ते २००५ या काळातील अमेरिकेतील आपत्कालीन विभागांच्या नोंदींच्या विश्लेषणात ८ ते १३ वर्षे वयोगटातील सुमारे दोन तृतीयांश दुखापती हाताला व पावलाला झाल्या होत्या. वजन हातातून पडणे आणि बोटे चिमटणे ही त्यांची मुख्य कारणे होती. वय वाढते तसे अपघाती दुखापतींचे प्रमाण घटून स्नायू व सांधे मुरगळण्याचे किंवा ताणले जाण्याचे प्रमाण वाढते. लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांची उपस्थिती आणि व्यायामशाळेतील शिस्त यांना असलेले महत्त्व यावरून स्पष्ट होते.

एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाची चाचणी मुलांसाठी घातक असते, असे पूर्वी मानले जाई. ६ ते १२ वर्षांच्या ९६ निरोगी मुलांवर प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखाली घेतलेल्या अशा चाचणीत एकही दुखापत झाली नाही, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. तथापि शाळा किंवा घर यांसारख्या ठिकाणी, पुरेशी देखरेख नसताना असे प्रयत्न करू नयेत, असा सल्ला दिला जातो.

## मार्गदर्शक तत्त्वे

### प्रारंभाचे वय

शक्तिप्रशिक्षणासाठी किमान वयाची निश्चित मर्यादा नाही. सूचना समजून त्यांचे पालन करण्याइतकी परिपक्वता आणि तोल सांभाळण्याची पुरेशी क्षमता मुलात असावी लागते. बहुतेक मुलांमध्ये ही तयारी ७–८ वर्षांच्या सुमारास दिसून येते. संघटित खेळात भाग घेण्याइतके मोठे झालेले मूल साधारणतः या प्रशिक्षणासही योग्य मानले जाते.

### रचना

वैद्यकीय व क्रीडा संघटनांच्या शिफारशींमधील समान मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत :

- प्रशिक्षण आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस द्यावे आणि ते दिवस लागोपाठ नसावेत.
- आरंभी ५ ते १० मिनिटे शरीर गरम करणाऱ्या हालचाली कराव्यात.
- नवीन व्यायाम वजनाशिवाय किंवा अत्यंत हलक्या वजनाने शिकवावा.
- सुरुवातीला प्रत्येक व्यायामाचे एक किंवा दोन सेट करावेत. एका सेटमध्ये साधारण ८ ते १५ आवर्तने असावीत.
- पद्धत न बिघडता ठरलेली आवर्तने सहज पूर्ण होऊ लागल्यावरच वजन ५ ते १० टक्क्यांनी वाढवावे.
- पाय, पाठ, पोट, छाती, खांदे व हात या सर्व भागांचा व्यायाम व्हावा.
- श्वास रोखून धरू नये. जोर लावताना श्वास सोडावा.
- वेदना झाल्यास व्यायाम ताबडतोब थांबवावा.

थकव्यामुळे हालचाल बिघडू लागल्यास आवर्तने शिल्लक असली तरी सेट तेथेच संपवावा. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू किंचित दुखणे स्वाभाविक असते. सांध्यातील वेदना, सूज किंवा लंगडणे मात्र स्वाभाविक नाही.

### व्यायामांचा नमुना

उपकरणांशिवाय शाळेच्या मैदानावर घेता येईल असा आरंभीचा २० ते ३० मिनिटांचा क्रम पुढीलप्रमाणे असू शकतो :

१. हलके धावणे, बाजूने सरकत चालणे आणि गुडघे उचलणे.
२. बैठका : टाचा जमिनीवर टेकलेल्या, गुडघे पावलांच्या दिशेत.
३. पुढे पाऊल टाकून वाकणे, म्हणजेच लंज.
४. गुडघे टेकून किंवा भिंतीला हात लावून जोर. सरावानंतर पूर्ण जोर.
५. पाठीवर झोपून कंबर उचलणे.
६. कोपरांवर शरीर तोलून धरणे, म्हणजेच प्लँक.
७. एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे.
८. छोटी उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे किंचित वाकवून, आवाज न करता उतरणे.

प्रशिक्षकाने समोर उभे राहून गुडघे आत झुकतात का, याकडे लक्ष द्यावे. जोडीदाराच्या मदतीने मांडीच्या मागच्या स्नायूंचा ‘नॉर्डिक’ व्यायामही किशोरवयीन खेळाडूंना शिकवला जातो. यात गुडघ्यांवर उभ्या असलेल्या खेळाडूचे घोटे जोडीदार धरून ठेवतो आणि खेळाडू धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकतो.

### देखरेख

मुलांच्या शक्तिप्रशिक्षणात प्रशिक्षकाचे स्थान मध्यवर्ती आहे. त्याला व्यायामांचे तंत्र, वाढीच्या टप्प्यांची माहिती आणि प्रथमोपचाराचे ज्ञान असावे. प्रौढांसाठी बनवलेली यंत्रे लहान मुलांच्या मापाची नसतात. अशा यंत्रांवर सांध्यांची स्थिती चुकण्याची शक्यता असते. घरातील वजने व यंत्रे लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावीत.

व्यायामाबरोबर पुरेशी झोप, आहार आणि विश्रांतीही आवश्यक असते. वर्षभर एकच खेळ खेळणाऱ्या मुलांच्या वेळापत्रकात शक्तिप्रशिक्षणाची भर घालताना मैदानावरील सरावाचा वेळ त्या प्रमाणात कमी करण्याचा सल्ला दिला जातो. अन्यथा एकूण ताण वाढून अतिवापराच्या दुखापती संभवतात.

## वैद्यकीय दक्षता

निरोगी मुलांना शक्तिप्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी विशेष चाचण्यांची गरज सहसा नसते. पुढील परिस्थितींत मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते : नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब, हृदयस्नायू जाड होण्याचा विकार, जन्मजात हृदयविकार, फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब, मार्फान संलक्षण, नियंत्रणात नसलेले अपस्माराचे झटके आणि हृदयावर परिणाम करू शकणाऱ्या काही कर्करोगविरोधी औषधांचा पूर्वी झालेला उपचार.

स्थूल मुलांसाठी शक्तिप्रशिक्षण अनेकदा उपयुक्त ठरते. लांब पल्ल्याचे धावणे त्यांना अवघड जाते. ताकदीच्या व्यायामांत मात्र ती बरोबरीने किंवा सरस कामगिरी करू शकतात. त्यामुळे व्यायामातील सातत्य टिकण्यास मदत होते.

लवकर पिळदार शरीर मिळवण्यासाठी ॲनाबॉलिक स्टेरॉइडचा वापर करणे किशोरवयीनांसाठी विशेष घातक आहे. या द्रव्यांमुळे वाढपट्टी वेळेआधी बंद होऊन उंची खऱ्या अर्थाने खुंटू शकते. यकृत, हृदय आणि मनःस्थिती यांवरही त्यांचे दुष्परिणाम होतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ही द्रव्ये प्रतिबंधित केली आहेत.

## भारतातील परंपरा आणि सद्यःस्थिती

भारतात मुलांना ताकदीचे व्यायाम शिकवण्याची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रातील तालमी व आखाड्यांमध्ये जोर, बैठका, मुद्गल फिरवणे आणि दोरीवर चढणे हे व्यायाम मुले वस्तादांच्या नजरेखाली शिकत आली आहेत. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभट्टदादा देवधर यांना दिले जाते. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे मल्लखांबाचे प्रकार असून स्वतःच्या शरीराचे वजन पेलणे हा या सर्वांचा पाया आहे. त्यामुळे आधुनिक व्याख्येनुसार मल्लखांब हा प्रतिकार प्रशिक्षणाचाच एक प्रकार ठरतो. हरियाणातील पंचकुला येथे २०२२ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धांत मल्लखांबाचा समावेश करण्यात आला होता.

पारंपरिक पद्धतीत वस्तादांची देखरेख आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम ही तत्त्वे आढळतात. जोर-बैठकांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढवत नेण्याची प्रथा मात्र मुलांसाठीच्या आजच्या शिफारशींशी जुळत नाही. आवर्तनांच्या संख्येपेक्षा हालचालीच्या अचूकतेला या शिफारशींमध्ये प्राधान्य दिले जाते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या फिट इंडिया मोहिमेअंतर्गत शालेय मुलांच्या शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांत जोर व पोटाच्या स्नायूंच्या व्यायामांचा समावेश आहे. मोठ्या वयोगटात ताकदीचे, तर लहान वयोगटात प्रामुख्याने तोल व समन्वयाचे मापन केले जाते. या चाचण्या क्षमता मोजण्यासाठी असून त्या नियमित प्रशिक्षणाला पर्याय नाहीत.

## संशोधनाच्या मर्यादा

दुखापत-प्रतिबंधाच्या बहुतेक सरावक्रमांत ताकद, तोल, उडी आणि धावण्याचे तंत्र हे सर्व घटक एकत्र असतात. त्यामुळे परिणामातील नेमका किती वाटा ताकदीच्या व्यायामांचा आहे, हे वेगळे काढणे कठीण जाते. उपरोल्लेखित अभ्यास मुख्यतः युरोपातील फुटबॉल व हँडबॉल क्लबांमधील आहेत. त्यांचे निष्कर्ष क्रिकेट, कबड्डी किंवा खो-खो यांना जसेच्या तसे लागू होतात असे गृहीत धरता येत नाही. टक्कर किंवा अपघात यांमुळे होणाऱ्या सर्व दुखापती ताकद वाढवून टळत नाहीत. सरावातील सातत्य हाही महत्त्वाचा घटक आहे. सरावक्रम नियमितपणे पाळणाऱ्या संघांमध्ये दुखापतींतील घट अधिक आढळते, तर अधूनमधून केलेल्या सरावाचा लाभ मर्यादित राहतो.

## हेही पहा

- मल्लखांब
- सूर्यनमस्कार
- भारोत्तोलन
- क्रीडावैद्यक
- शारीरिक शिक्षण